बर्लिनचा टीव्ही टॉवर, आईचे गुडघे आणि चार तिकिटं

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई) बहिणीकडे हॅनोव्हरला चाललोय. त्यातले तीन दिवस बर्लिन. बाकी सगळं बहिणीने ठरवून टाकलंय, तिच्यापुढे आमचं कुणाचं चालत नाही. फक्त बर्लिनचा टीव्ही टॉवर हे प्रकरण तिने माझ्या गळ्यात घातलंय, कारण हट्ट आमच्या चिरंजीवांचा आहे. त्याने कुठल्याशा पुस्तकात ३६८ मीटर हा आकडा वाचला, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवतो. दूधवाल्यालासुद्धा. "काका, जर्मनीत याच्याहून उंच काहीच नाहीये." दूधवाला म्हणतो, "बरं बाबा, पातेलं आण."

अडचण आईची. वय ७१. डाव्या गुडघ्याची वाटी दोन वर्षांपूर्वी बदलली, उजवा गुडघा "पुढच्या वर्षी बघू" या बोलीवर चार वर्षं चाललाय. घरात काठी लागत नाही, बाहेर लागते, आणि लांब चालायचं असलं की व्हीलचेअर. आता टॉवरवर व्हीलचेअर चालत नाही असं वाचलं. लिफ्ट आहे, मग का चालत नाही ते काही कळेना. आणि व्हीलचेअर नाही तर नाही, काठी घेऊन सोडतात का?

दुसरं म्हणजे पैसे. चौघांचे ऐंशी-नव्वद युरो होताहेत, म्हणजे आपले आठ-नऊ हजार. आई म्हणाली, "उंचावर जाऊन खाली बघायचे आठ हजार? गुडघे होते तेव्हा मी आगाशिवावरून अख्खं कऱ्हाड फुकट बघत होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर जाणकारांनी सांगावं. जावं का, गेलो तर दिवसा की संध्याकाळी, आणि आईचं काय करावं? ती वर आली नाही तरी रुसणार नाही, पण तिला खाली एकटीला बसवून आम्ही मजा करायला जायचं हे मला पटत नाही.

---

घाटमाथा

सोडून द्या. सगळे मनोरे सारखेच. लिफ्ट, काच, नाणं टाकायची दुर्बीण आणि उतरताना फ्रिजला लावायचं मॅग्नेट. मी तीन देशांत तीन चढलो, फोटो बघून आता कुठला कुठला ते ओळखू येत नाही. मुलाला त्या पैशात चॉकलेट आणि एक फुटबॉल घेऊन द्या, तुमचं नाव काढेल.

---

स्प्रेकाठी

कोयनाकाठ, तुमचं नाव बघूनच लिहायला बसले. मी स्प्रे नदीच्या काठी, तुम्ही कोयनेच्या. बर्लिनमध्ये माझं हे अकरावं वर्ष. या टॉवरवर सहा वेळा जाऊन आलेय, त्यातल्या पाच वेळा पाहुण्यांपायी. सहाव्या वेळेचं पुढे सांगते. घाटमाथा, तुम्ही म्हणता ते मॅग्नेटपुरतं खरं आहे.

आधी आईंचं, कारण खरा प्रश्न तोच आहे.

व्हीलचेअर वर नेता येत नाही, आणि नियमात नुसती व्हीलचेअर नाही, चालायला त्रास असणारी माणसंही धरलीत. लिफ्ट आहेच, चाळीस सेकंदांत वर पोचवते. प्रश्न वर जायचा नसून खाली यायचा आहे. समजा आग लागली, लिफ्ट बंद पडली, तर मधल्या त्या काँक्रीटच्या नळीतून प्रत्येकाने आपापल्या पायांनी उतरायचं. पायऱ्या ९८६. हा मनोरा १९६९ साली उघडला. तेव्हा कुणी व्हीलचेअरचा विचार केला नव्हता, आणि आता त्या नळीत जादा काही बसवायला जागाच नाही. "काठी घडी करून पिशवीत टाका, कोण बघतंय" असं सांगणारे तुम्हाला भेटतील. ऐकू नका. एका बदललेल्या आणि एका बदलायच्या गुडघ्याने ९८६ पायऱ्या उतरायच्या, हे नुसतं मनात आणून बघा.

म्हणजे आई वर नाहीत, हे धरून चला. पण म्हणून आईंचं उंचावरून बर्लिन बघणं हुकतं असं अजिबात नाही. राईशटागचा काचेचा घुमट आहे, म्हणजे त्यांच्या संसदेवरचा. तिथे लिफ्ट आहे, व्हीलचेअर चालते, आतला गोल चढ पायऱ्यांचा नाही, उताराचा आहे. आणि फुकट! (आठ हजारांवर बोलणाऱ्या बाईंना हे आधी सांगा.) फक्त नावं आणि जन्मतारखा घालून आधी नोंदणी करावी लागते आणि जाताना पासपोर्ट न्यावा लागतो. मे महिना म्हणजे गर्दी, तेव्हा आजच करून टाका. दुसरी जागा हुम्बोल्ट फोरमची गच्ची. उंची जेमतेम तीस मीटर, पण लिफ्ट थेट वर जाते, तिकीट अगदी किरकोळ, आणि समोर कॅथेड्रलचा हिरवा घुमट इतका जवळ की त्यावरचे पुतळे मोजावेत. त्याच्या मागे तुमच्या चिरंजीवांचा टॉवर अख्खा, बुडापासून शेंड्यापर्यंत.

आता जावं का, याचं उत्तर. ते मला एका वाक्यात देता येत नाही म्हणून सहाव्या वेळेचं सांगते.

माझे बाबा दूरदर्शनमध्ये तंत्रज्ञ होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं सिंहगडावरच्या मनोऱ्यावर गेली. पुण्याची मंडळी गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातात, आमचे बाबा डबा घेऊन ड्यूटीला जायचे. पावसाळ्यात धुकं असं की खोलीतून बाहेर आलं तर डोक्यावरचा मनोरा दिसायचा नाही, नुसता घोंघावणारा वारा ऐकू यायचा. घरी टीव्हीवर मुंग्या आल्या की शेजारचे आमचं दार वाजवायचे. बाबा घरी असले तरी. जणू बाबांनीच काहीतरी सैल सोडलंय.

ते २०१९ च्या ऑक्टोबरात इथे आले. नेमकी त्याच महिन्यात टॉवरला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. मी तिकिटं काढली, आलेक्झांडरप्लाट्झला उतरलो, आणि बाबा स्टेशनाबाहेर जे मान वर करून उभे राहिले ते राहिलेच. लोक सेल्फी काढत होते, बाबा वरच्या लाल-पांढऱ्या अँटेनाकडे बघत होते. मी म्हटलं, "बाबा, बघायची जागा त्या गोळ्यात आहे, २०३ मीटरवर." तर म्हणाले, "ती सोय नंतरची गं. मनोरा बघायला नसतो बांधलेला, दाखवायला असतो."

मग आमच्या वेळेला अजून पाऊण तास होता, त्यात त्यांनी मला जे समजावलं ते अकरा वर्षांत कुणा गाइडने सांगितलं नव्हतं. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर-इमारत आडवी आली की अडतात. म्हणून प्रक्षेपण उंचावरून करायचं. "आमच्या खात्याला सिंहगडाने उंची आयती दिली. हे शहर म्हणजे परात. यांना डोंगर सिमेंटचा बांधायला लागला." घरी येऊन मी शोधलं तर गंमत अशी की पूर्व जर्मनीने हा मनोरा आधी खरंच टेकडीवर बांधायला घेतला होता, शहराच्या आग्नेयेला म्युगेल टेकड्यांवर. पाया घातला, काम सुरू झालं, आणि मग लक्षात आलं की श्योनेफेल्ड विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत तो येतो. काम बंद! पुढे १९६५ मध्ये थेट शहराच्या मध्यात सुरुवात केली आणि ३ ऑक्टोबर १९६९ ला उद्घाटन. त्याच दिवशी पूर्व जर्मनीच्या टीव्हीचा दुसरा कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. बाबा म्हणाले, "हे बरोबर. फीत कापायला कुणीही येतो, चालू झालं का ते महत्त्वाचं."

एवढा खटाटोप करून बांधला, आणि पूर्व जर्मनीतली माणसं संध्याकाळी घरी बसून बघायची काय? पश्चिमेचा टीव्ही. बर्लिनची भिंत माणसांना अडवत होती, लहरींना थोडीच! ड्रेस्डेनच्या दरीत मात्र पश्चिमेचं प्रक्षेपण पोचायचं नाही, म्हणून त्या भागाला बाकीचे "अडाण्यांची दरी" म्हणायचे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ट्राममधले लोक वळून बघायला लागले. आमच्याही गल्लीत खालच्या अंगाच्या दोन घरांत चित्र यायचं नाही, त्यांची आठवण झाली म्हणे.

आता वर काय दिसतं ते. पश्चिमेकडच्या खिडकीत उभे राहा. पायाशी मारियनकिर्शे हे जुनं चर्च, रोटेस राटहाउस म्हणजे लाल विटांची महापालिका, स्प्रे आणि तिच्या मधलं म्युझियम बेट. तिथून उंटर डेन लिंडेन हा रस्ता पट्टी ठेवून आखल्यासारखा ब्रँडेनबुर्ग गेटपर्यंत जातो. गेटच्या मागे टियरगार्टनची झाडी. बाबांनी विचारलं, "भिंत कुठेय?" भिंत नाही दिसत. होती ती गेटला लागूनच, म्हणजे या खिडकीपासून उण्यापुऱ्या सव्वादोन किलोमीटरवर. मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं की १९६९ पासून १९८९ पर्यंत इथे कुटुंबाला घेऊन रविवारी येणारा माणूस याच काचेतून ती झाडी बघत असणार, आणि तिथे त्याला जाता येत नव्हतं. त्या काळात वरच्या फिरत्या हॉटेलात बसायलाही वेळ मोजून मिळायचा. एक तासात खुर्ची पूर्ण गोल फिरायची, उठा, पुढचे आले.

मग पूर्वेकडे या. इकडे फारसं कुणी थांबत नाही, आणि मला हीच बाजू आवडते. कार्ल मार्क्स आले ("आले" म्हणजे झाडांचा रस्ता, आपलं आलं नव्हे) आणि त्याच्या टोकाला फ्रांकफुर्टर टोरचे जुळे मनोरे. पलीकडे एकासारख्या एक इमारती, सिमेंटचे तयार तुकडे जोडून उभ्या केलेल्या. मी बर्लिनला आले तेव्हा तशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहायचे. बाबांना दाखवली. त्यांनी नाणं टाकून दुर्बिणीतून बघितली आणि म्हणाले, "अँटेनाला जागा चांगली होती."

म्हणून माझं मत: मुलाला घेऊन जा. त्याने आकडा पाठ केलाय, त्याला तो पायाखाली लागू दे. पण वर चढायच्या आधी अर्धा तास सगळे मिळून खालून बघा, आणि ते आईंसकट होईल. ऊन असेल तर गोळ्याकडे नीट बघायला सांगा त्यांना. तो पोलादी पत्र्याच्या निमुळत्या फुगवट्यांचा आहे. ऊन पडलं की त्यावर लखलखीत क्रूस उमटतो. धर्म न मानणाऱ्या सरकारने बांधलेल्या मनोऱ्यावर! बर्लिनच्या लोकांनी त्याचं नाव "पोपचा सूड" ठेवलं. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन १९८७ मध्ये इथे आले तेव्हा भाषणात त्यांनीही यावरून सरकारला टोला मारला होता. क्रूस घालवायला रंग आणि रसायनं लावून बघितली, तरी ऊन पडलं की तो दिसतोच, अशा अर्थाचा.

तिकीट टॉवरच्या स्वतःच्या साइटवरून वेळ घेऊन काढा. माझ्या चुलत दिराने कुठल्यातरी भलत्याच साइटवरून "रांग टाळा" म्हणून जवळपास दुप्पट पैसे भरले होते. हातात पडलं ते साधं वेळेचं तिकीट, आणि खालची विमानतळासारखी तपासणी त्यालाही चुकली नाही. मोठी सॅक नेऊ नका.

लांबलं. पण बाबांचा विषय निघाला की माझं असंच होतं.

---

फोटूवाला_भाऊ

स्प्रेकाठी ताई, दाखवायला की बघायला, हे फारच आवडलं. काकांना नमस्कार सांगा.

मी फक्त वेळेचं सांगतो. मे महिन्याच्या मध्यावर बर्लिनला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे तोवर जेवणं उरकून भांडी घासून झालेली असतात. नऊ वर्षांच्या पोराला पावणेनऊला वर नेलंत तर अंधार पडून दिवे लागेपर्यंत दहा वाजतात, आणि तोवर ते पोर खांद्यावर झोपतं. शिवाय इंटरनेटवर ब्रँडेनबुर्ग गेटच्या मागे सूर्य मावळतोय असे फोटो बघून जाऊ नका. मे महिन्यात तो तिथे नसतो, पार उजवीकडे वायव्येला सरकलेला असतो. मी असाच एकदा गेटवर कॅमेरा रोखून तासभर उभा होतो, आणि सूर्य भलतीकडेच बुडाला.

दिव्यांची एक गंमत आहे. अंतराळ स्थानकातून काढलेल्या बर्लिनच्या रात्रीच्या फोटोत पूर्व भाग पिवळट-नारिंगी आणि पश्चिम भाग पांढुरका दिसतो. भिंत पडली तरी रस्त्यावरचे दिवे दोन देशांचे राहिले: पूर्वेला सोडियमचे, पश्चिमेला वेगळे. टॉवरवरून तेवढं स्वच्छ दिसत नाही, आणि आता दिवे बदलतही चाललेत. पण माहीत असलं की डोळा शोधतो.

सकाळी पहिल्या वेळेत गेलात तर गर्दी कमी आणि सूर्य पाठीमागे, म्हणजे पश्चिमेकडचं सगळं समोरच्या उजेडात. काचेवर आतलं प्रतिबिंब येतं. गडद शर्ट घाला आणि मोबाइल काचेला टेकवून धरा. पांढरा शर्ट घातलात तर प्रत्येक फोटोत तुम्हीच भुतासारखे उभे दिसाल.

---

घाटमाथा

बरं, मी माझं मत अर्धं मागे घेतो. फुटबॉल मात्र घ्याच. २००६ च्या वर्ल्डकपला तो टॉवरचा गोळा गुलाबी-चंदेरी फुटबॉलसारखा सजवला होता, तेवढं मला या टॉवरबद्दल माहीत आहे.

---

कोयनाकाठ

मंडळी, खूप आभार. ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ९८६ पायऱ्या ऐकल्यावर तिने काठीकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे, मी खालून क्रूस बघते." राईशटागची नोंदणी केली, चौघांची मिळाली. बाबांना माझाही नमस्कार. आमच्याकडे कऱ्हाडला चित्र कायम मुंग्यांचंच यायचं, तो दोष त्यांचा नव्हता हे आता कळलं.

एक शंका: आई खाली थांबणार तर कुठे बसवू?

---

स्प्रेकाठी

नेपच्यूनच्या कारंज्याजवळ, मारियनकिर्शे आणि लाल महापालिकेच्या मधल्या मोकळ्या जागेत. बसायला मिळतं, समोर टॉवर, बघायला माणसं. मे महिना असला तरी शाल आणि छत्री दोन्ही द्या. इथलं आभाळ विचारून बदलत नाही. आणि बायको सोबत थांबणार असेल तर उत्तम, पण ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

बाबांना नमस्कार पोचवला. २००३ मध्ये बर्लिनने जुनं अॅनालॉग प्रक्षेपण जर्मनीत सगळ्यात आधी बंद केलं, हे मी त्यांना इथे असताना सांगितलं होतं. आज फोनवर त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय: मुंग्या गेल्या, पण आता चित्र अडकतं तेव्हा तोंड उघडं राहिलेला माणूस दिसतो, त्यापेक्षा मुंग्या बऱ्या.

---

कोयनाकाठ

परत आलो. वृत्तांत द्यायचा राहिला होता, जेट लॅग आणि शाळेच्या वह्या-पुस्तकांत महिना गेला.

राईशटाग पहिल्या दिवशी. आई व्हीलचेअरवर, मी ढकलतोय, चढ लांब पण सोपा. घुमटाच्या मधोमध खाली बघितलं की संसदेचं सभागृह दिसतं. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पुढारी खाली आणि लोक डोक्यावर. आपल्याकडे उलटं केलंय." मागे उभ्या असलेल्या एका पुणेरी कुटुंबाने हे ऐकलं आणि थेट टाळी दिली. पुढचा अर्धा तास आईला सोबत मिळाली, मला ढकलायलाही.

हुम्बोल्टच्या गच्चीवर संध्याकाळी गेलो. ताई, तुम्ही म्हणालात तसाच टॉवर अख्खा दिसला. मुलगा तिथूनच ३६८, ३६८ करायला लागला.

टॉवर तिसऱ्या दिवशी, सकाळचं तिकीट. बायको म्हणाली, मला उंचीची तशीही भीती वाटते, मी आईंबरोबर थांबते. (लग्नाला बारा वर्षं झाली, ही भीती मला त्या दिवशी कळली. आगाशिवाला माझ्या पुढे पळत चढली होती.) ऊन होतं. आईने कपाळावर हात धरून गोळ्याकडे बघितलं आणि क्रूस मला दिसायच्या आधी तिला दिसला. हात जोडले तिने. मी म्हटलं, अगं तो प्रकाश आहे. म्हणाली, "मग आणखी काय असतो?"

चिरंजीव लिफ्टमध्ये मोठ्याने सेकंद मोजत होते. मराठीत. एकोणचाळीसला दार उघडलं, आणि घड्याळाची चूक की जर्मनीची यावर वाद घालत आम्ही खिडकीशी आलो. तो ब्रँडेनबुर्ग गेट बघेना, राईशटाग बघेना. त्याला आजी शोधायची होती. कारंजं सापडलं, पण माणसं म्हणजे पसरलेली मोहरी. फोन लावला. "आजी, छत्री उघड!" खाली ऊन पडलेलं, आणि आईने भर उन्हात तिची पांढऱ्या ठिपक्यांची मरून छत्री उघडली. एक बारीकसा मरून ठिपका. ठिपका डावीकडे गेला, उजवीकडे आला. पोरगं काचेला नाक लावून नाचायला लागलं. बाजूच्या जपानी आजोबांनी विचारलं काय दिसतंय, तर त्याने त्यांनाही आजी दाखवली. त्यांनी खरंच वाकून बघितली आणि मान डोलावली.

मी मात्र पूर्वेच्या खिडकीत जाऊन थांबलो थोडा वेळ. त्या एकासारख्या एक इमारती बघत. ताई, सातवा मजला शोधायचा प्रयत्न केला. नाही सापडला.

मुलाने हाक मारली म्हणून परत आलो तर खाली पावसाचा शिडकावा सुरू झालेला, आणि चौकभर छत्र्या उघडलेल्या. काळ्या, निळ्या, लाल, आणि मरून निदान चार. तो रडवेला. "बाबा, आता आजी कुठली?" फोन लावला तर उचलेना. मी म्हटलं तुझी आई आहे ना सोबत, जातील कुठे. पण खरं सांगायचं तर परतीच्या लिफ्टमध्ये सेकंद कुणीच मोजले नाहीत.

कारंज्याशी दोघी नव्हत्या. टॉवरच्या पायथ्याला ते घड्या घातलेल्या कागदासारखं छप्पर आहे ना, त्याच्याखाली सापडल्या. बायको कॉफी आणायच्या रांगेत, फोन तिच्या पर्समध्ये. आणि आई एका दांडग्या जर्मन आजीबाईंशेजारी बसलेली, दोघींच्या काठ्या एकाच भिंतीला टेकवलेल्या. आईने साडी घोट्याच्या वर ओढून गुडघ्यावर बोट ठेवलं होतं आणि त्या बाई पँटवरूनच आपल्या गुडघ्याभोवती गोल काढून काहीतरी जोरजोरात सांगत होत्या. आईला जर्मन येत नाही, इंग्रजीही थँक्यूपुरतं.

मी विचारलं, काय म्हणतात त्या?

आई म्हणाली, "काही नाही रे. तिचा पण डावाच."